सहलीचे फोटो: वाटणं वेगळं, सांभाळणं वेगळं

सांगलीहून एका काकूंनी विचारलं आहे: “माहेरची बावीस माणसं कुलदैवताला गोव्यात येतोय. मागच्या खेपेचे निम्मे फोटो भाच्याच्या फोनबरोबर गेले आणि ग्रुपवर आलेले छापून घेतले तर धुरकट आले. माझं वय ६१. घरी नातवाचा लॅपटॉप आहे, पण मला फक्त चालू-बंद करता येतो. यावेळी असं होऊ नये म्हणून मला कमीत कमी काय यायला हवं? आणि फोटो ठेवायला पेनड्राइव्ह घेऊ की हार्ड डिस्क?”

काकू, निघायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. माझ्याकडे लोक हा प्रश्न परतीच्या दिवशी घेऊन येतात, बाहेर गाडी चालू ठेवून. गोव्यातल्या फोंड्यात माझं फोटो छापायचं दुकान आहे आणि माळ्यावर दुपारी कॉम्प्युटरचे वर्ग चालतात. मंगेशी, मार्दोळ, कवळे, बांदिवडे ही देवस्थानं सगळी जवळच, त्यामुळे कुळावी मंडळी देवदर्शन आटोपली की फ्रेम करून घ्यायला माझ्याकडे येतात. वीसेक वर्षं हेच बघतोय. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: ग्रुपवर टाकला म्हणजे फोटो जपला, असा समज. टाकणं म्हणजे वाटणं. जपायचं काम वेगळं करावं लागतं, आणि ते बहुतेक घरांत कोणीच करत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याकडे आहेतच की.

धुरकटपणाचं आधी सांगतो. मागच्या डिसेंबरात एक आजोबा आले होते. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभासमोर अख्खं कुटुंब उभं, चार पिढ्या, मस्त सकाळचं ऊन. त्यांना बारा बाय अठरा इंचांची प्रिंट हवी होती. फोटो पुतण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला. मी तो पडद्यावर घेतला आणि त्यांच्या आईच्या चेहऱ्यावर मोठा करत नेला. दोनदा मोठा केला तोवर चष्मा दिसत होता, तिसऱ्यांदा चष्म्याच्या जागी करड्या चौकोनांची रांगोळी. आजोबा म्हणाले, “फोनवर तर स्पष्ट दिसतोय.” दिसणारच, फोन तळहाताएवढा असतो. फाइल होती १८२ केबीची. मग पुतण्याला फोन लावला, त्याने त्याच्या गॅलरीतला मूळ फोटो पाठवला तो साडेचार एमबीचा. हजार केबी म्हणजे साधारण एक एमबी. त्याची प्रिंट आज त्यांच्या ओटीवर आहे.

हिशोब सोपा आहे. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करतं, लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांची उरते. चांगल्या छपाईला इंचामागे ३०० ठिपके लागतात, २०० असले तरी मी निभावून नेतो. १६०० भागिले १८ केलं की इंचाला ८९ सुद्धा येत नाहीत. म्हणजे ग्रुपवरचा फोटो चार बाय सहाच्या अल्बम प्रिंटपुरता ठीक, त्यापुढे नाही. कितीही चांगलं मशीन असो, जे ठिपके गेले ते मी आणणार कुठून? आता एआयने स्पष्ट करून देणारी अ‍ॅप्स निघाली आहेत, पण ती चेहरा अंदाजाने रंगवतात. एकदा एका बाईंच्या सासूबाईंना त्यात नवेच दात आले होते.

मग पाठवायचं कसं? व्हॉट्सअ‍ॅपमध्ये २०२३ पासून एचडीची सोय आहे. फोटो निवडल्यावर वर एचडी असं बटण दिसतं, ते दाबायचं. दर वेळी दाबायचा कंटाळा असेल तर सेटिंग्जमध्ये, स्टोरेज अँड डेटाच्या आत, मीडिया अपलोड क्वालिटी आहे, तिथे कायमचं एचडी करून ठेवा. तरीही एचडी म्हणजे मूळ नव्हे, कमी दाबलेला एवढंच. मूळ जसाच्या तसा पाठवायचा तर पिनेचं चिन्ह दाबून गॅलरीऐवजी डॉक्युमेंट निवडा आणि त्यातून फोटो उचला. २ जीबीपर्यंतची फाइल अशी जाते, आणि एक जीबी म्हणजे साधारण हजार एमबी. फ्रेम करायच्या पाच-सहा फोटोंना हाच रस्ता. सगळे तीनशे फोटो असे ग्रुपवर ओतू नका, बावीस जणांचे फोन भरतील आणि तुम्हाला बावीस जणांची बोलणी बसतील.

आलेला फोटो मूळ आहे की दाबलेला, हे अँड्रॉइडवर नावावरून ओळखता येतं. गॅलरीत फोटो उघडून वर सरकवा किंवा तपशील दाबा, फाइलचं नाव दिसेल. त्यात तारखेनंतर डब्ल्यूए ही दोन अक्षरं असली तर तो व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेला. खाली एमबी की केबी तेही लिहिलेलं असतं. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी एवढंच शिकवतो आणि बायका घरी जाऊन नवऱ्याचे फोटो तपासतात.

आता भाच्याच्या फोनचं. त्याचा फोन गेला म्हणून फोटो गेले, कारण ते फक्त त्या फोनमध्येच होते. कुठल्याही फोटोबद्दल स्वतःला विचारायची सवय लावा, हा आत्ता नक्की कुठे आहे? फोनमध्ये, इंटरनेटवरच्या खात्यात, की लॅपटॉपवर? उत्तर एकच जागा आलं तर तो फोटो अजून धोक्यात आहे.

अँड्रॉइड फोनवर गूगल फोटोज बहुधा आधीच असतं. ते उघडून उजव्या कोपऱ्यातल्या तुमच्या गोल चित्रावर बोट ठेवा. तिथे बॅकअप, म्हणजे खात्यात प्रत ठेवायचं काम, पूर्ण झाला आहे, चालू आहे की बंद आहे ते लिहिलेलं असतं. निम्म्या लोकांचा बंद असतो आणि त्यांना वर्षानुवर्षं पत्ता नसतो. जागा फुकट मिळते ती १५ जीबी, त्यातच तुमची जीमेल आणि ड्राइव्ह. पूर्वी दाबलेले फोटो कितीही ठेवता यायचे, १ जून २०२१ पासून ते बंद झालं. आयफोनवाल्यांना आयक्लाउडवर ५ जीबीच फुकट. तीन दिवसांच्या सहलीत माणशी शंभर फोटो म्हणजे फार तर अर्धा जीबी, पण व्हिडिओ खाऊन टाकतात. फोर-केवर, म्हणजे जास्त बारकाव्याच्या व्हिडिओवर, ठेवलेला कॅमेरा मिनिटाला ३५० एमबीपर्यंत जातो. दिंडी आणि आरतीचे दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ घेणाऱ्या भावोजींना आधीच सांगा, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये त्याहून हलक्या १०८० वर आणा. आणि १५ जीबी पूर्ण भरले तर नुसते फोटोच थांबत नाहीत, मेल येणंही बंद पडतं. म्हणून निघण्याआधी आठवडाभर जुन्या गुड मॉर्निंगच्या गठ्ठ्याला वाट दाखवा.

बॅकअप सहसा वायफायवरच चालावा असं ठरवलेलं असतं, आणि ते बरोबर आहे. रात्री हॉटेलवर फोन चार्जिंगला लावा, वायफाय जोडा, फोटोज अ‍ॅप उघडं ठेवून झोपा. दिवसभर बॅकअप होत राहील या भरवशावर राहू नका. तांबडी सुर्लाचं देऊळ किंवा दूधसागर करणार असाल तर तिथे जंगलात रेंज मिळेलच असं नाही. त्या दिवसाची तिकिटं, हॉटेलचं बुकिंग यांचे स्क्रीनशॉट आदल्या रात्रीच काढून ठेवा.

या खात्यात एक खाच आहे, आणि तीत सुशिक्षित माणसंही पडतात. गेल्या वर्षी एक बाई रडकुंडीला येऊन दुकानात आल्या. फोन भरला म्हणून त्यांनी गूगल फोटोज उघडून दोन वर्षांचे फोटो पुसले, “क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या खात्यात, तर आहेतच” म्हणून. पण त्या अ‍ॅपमध्ये पुसलं की फोनवरचा आणि खात्यातला, दोन्ही जातात. त्या अ‍ॅपमध्ये जागा मोकळी करायचं वेगळं बटण आहे, फ्री अप स्पेस म्हणतात. ते बॅकअप झालेल्या फोटोंची फक्त फोनवरची प्रत काढतं. नशिबाने बाई दहा दिवसांत आल्या होत्या. बॅकअप झालेले फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतात, आम्ही बिन उघडून सगळे निवडले आणि परत आणले. बॅकअप न झालेले असते तर अँड्रॉइडवर ३० दिवस. आयफोनच्या रिसेंटली डिलीटेडमध्येही ३० दिवसच. म्हणून पुसलं गेलं की आधी कचरापेटी बघा, मग रडा.

बावीस जणांचे फोटो एकत्र करायला माझं मत स्पष्ट आहे: ग्रुप नको, अल्बम हवा. एकाने गूगल फोटोजमध्ये सामाईक अल्बम करायचा, नाव द्यायचं ‘कुलदैवत २०२५’ किंवा जे वर्ष असेल ते, इतरांनाही फोटो घालता यावेत ही सोय चालू ठेवायची आणि त्याची लिंक घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची. आयफोनवाल्यांनीही हेच अ‍ॅप घ्यावं, त्यांच्या वेगळ्या अल्बमच्या नादी लागू नका, मग अँड्रॉइडवाले अडतात. घालणाऱ्याने खात्यात मूळ दर्जा ठेवायचा पर्याय निवडला असेल तर फोटो पूर्ण आकारात येतो, जागा त्याच्या खात्यातली जाते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्याने फोटो घातला त्याने उद्या तो स्वतःच्या खात्यातून पुसला तर अल्बममधूनही जातो. म्हणून आवडलेल्या फोटोंना सेव्ह करून आपल्या खात्यात घ्यायचं. आणि लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला अल्बम दिसू शकतो, तेव्हा सगळ्यांचं फोटो घालून झालं की ती बंद करायची.

तरण्या पोरांच्या हाती काम द्यायचं असेल तर परतीच्या गाडीत द्या. रेल्वेच्या बोगद्यांत नेटवर्क नसलं तरी अँड्रॉइडवरून अँड्रॉइडला क्विक शेअरने आणि आयफोनवरून आयफोनला एअरड्रॉपने मूळ फोटो जातात, इंटरनेट लागतच नाही. मडगाव सुटल्यावर सुरू केलं तर घर येईपर्यंत अख्ख्या डब्याचं वाटप होतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या आधी ही सवय लागली असती तर माझं निम्मं गिऱ्हाईक कुरकुरलं नसतं.

घरात कोणाकडे मोठा कॅमेरा असेल तर आणखी एक गंमत होते. माझा चुलतभाऊ दुबईहून येतो, त्याच्या कॅमेऱ्याचं घड्याळ दुबईचं, आपल्यापेक्षा दीड तास मागे. एका लग्नानंतर सगळ्यांचे फोटो वेळेप्रमाणे लावले तर पंगत उठल्यावर मंगलाष्टका. फोन आपली वेळ आपोआप लावून घेतो, कॅमेरा घेत नाही. त्यावर उपाय असा: सहलीच्या पहिल्या सकाळी कॅमेऱ्याचं घड्याळ लावा, आणि ते जमलं नाही तर कॅमेऱ्याने कोणाच्या तरी फोनवरच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवा. पुढे फरक किती मिनिटांचा ते कळतं आणि माझ्यासारखा माणूस एका झटक्यात सगळे फोटो सरकवून देतो. व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेल्या फोटोंची मात्र काढल्याची वेळच गेलेली असते, आल्याची तारीख उरते. ते रांगेत लावताना मग कोणाच्या साडीचा रंग कधीचा ते आठवत बसावं लागतं.

आता लॅपटॉप. भीती बाळगू नका, यात चार गोष्टी येतात. फोन केबलने जोडला की तो नुसता चार्ज व्हायला लागतो, लॅपटॉपवर काही दिसत नाही. फोनच्या वरून पडदा खाली ओढा, तिथे यूएसबीबद्दल सूचना असेल, ती दाबून फाइल ट्रान्सफर निवडा. तरीही दिसलं नाही तर केबल बदला, काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात. मग लॅपटॉपवर दिस पीसी, त्यात फोनचं नाव, त्यात डीसीआयएम, त्यात कॅमेरा. फोटो तिथे. कंट्रोल आणि ए एकत्र दाबलं की सगळे निवडले जातात, कंट्रोल-सी म्हणजे प्रत उचलली, दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन कंट्रोल-व्ही म्हणजे ठेवली.

कंट्रोल-एक्स, म्हणजे कट, करू नका. धंद्याच्या पहिल्या पावसाळ्यात एका मुंजीचे फोटो मी कार्डावरून कट करून कॉम्प्युटरवर घेत होतो, मध्येच वीज गेली. मोजून चाळीस फोटो इकडेही नाहीत, तिकडेही नाहीत. त्या माउलीसमोर उभं राहायची पाळी कोणावर येऊ नये. तेव्हापासून क्रम ठरलेला: प्रत करायची, दोन्हीकडचा आकडा जुळवायचा, म्हणजे फोल्डरवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज बघायचं, पाच-सहा फोटो उघडून बघायचे, आणि फोनमधले पुसायचं काम दुसऱ्या दिवशी.

फोल्डरला नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग जागा. ‘२०२५-१२ मंगेशी-शांतादुर्गा’ असं. नुसतं ‘गोवा’ लिहिलंत तर पाच वर्षांनी चार ‘गोवा’ आणि एक ‘गोवा नवीन’ सापडतील. मोठ्या कॅमेऱ्याचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्येच घ्या, कारण त्यांच्या नावातला आकडा ९९९९ झाला की पुन्हा १ पासून सुरू होतो आणि एकाच नावाचे दोन फोटो आले की लॅपटॉप विचारतो, जुना बदलू का? घाईत माणूस ‘हो’ म्हणतो.

आयफोनचे फोटो कधी विंडोजवर उघडत नाहीत, कारण २०१७ पासून त्यांचा प्रकार वेगळा आहे, एचईआयसी म्हणतात. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये मोस्ट कम्पॅटिबल करून ठेवलं की पुढचे फोटो साध्या जेपीजीत निघतात. आणि अल्बम एकदम डाउनलोड केलात तर झिप नावाची एक गाठोडी येते. ती नुसती उघडून बघायची नाही, उजवं बटण दाबून एक्स्ट्रॅक्ट ऑल करायचं. लोक न सोडलेलं गाठोडंच पेनड्राइव्हमध्ये घालून आणतात.

माझ्यासारख्याच्या दुकानात आलात तर तिथल्या कॉम्प्युटरवर स्वतःचं मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडू नका. उघडावंच लागलं तर निघताना मेलमधून लॉग आउट करा, आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन लॉग आउट करा. मी रोज रात्री दुकान बंद करताना कोणाचं तरी उघडं राहिलेलं खातं बंद करतो आणि डाउनलोड्समधली आधार कार्डं पुसतो. सगळीकडे कोणी हे करत असेल असं धरून चालू नका.

समुद्राचं एक. फोन पाण्यात टिकतो असं खोक्यावर लिहिलेलं असतं, ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. खारं पाणी गेलं तर फोन लगेच बंद करा, सिम काढा, चार्जिंगला लावू नका, आणि तांदळात पुरू नका, तांदळाचा काही उपयोग होत नाही. दुरुस्तीवाल्याकडे न्या. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर तो बंद करता येतो, त्याला आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख आकडा, लागतो. स्टार, हॅश, शून्य सहा, हॅश दाबून तो आजच कागदावर लिहून ठेवा.

आणि काढायचे कोणाचे, हेही जरा बघा. बऱ्याच देवळांत गाभाऱ्याचा फोटो काढायला मनाई असते, पाटी वाचा. दाबोळी विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, तिथे खिडकीतून कॅमेरा काढू नका. किनाऱ्यावर अनोळखी माणसांचे, विशेषतः पोहणाऱ्या किंवा उन्हात पडलेल्या पर्यटकांचे फोटो परवानगीशिवाय घेऊ नका, असं गोवा पर्यटन खात्याने २०२३ च्या जानेवारीत पत्रकच काढलं होतं. पणजीत फोन्तेन्हासच्या रंगीत घरांत माणसं राहतात, त्यांच्या पायरीवर बसून फोटोसेशन करणाऱ्यांना ती कंटाळली आहेत. आणि घर बंद असताना ‘आम्ही सगळे गोव्यात’ असं जगजाहीर करण्यापेक्षा ते परत गेल्यावर टाका, फोटो शिळे होत नाहीत.

राहिला पेनड्राइव्ह की हार्ड डिस्क. पेनड्राइव्ह ने-आण करायला चांगला, वर्षानुवर्षं ठेवायला नाही. तो हरवतो, आणि काही न सांगता मरतो. १ टीबीची, म्हणजे साधारण हजार जीबीची, छोटी हार्ड डिस्क घ्या, घरी गेल्यावर वर्षातून दोनदा लॅपटॉपवरचं सगळं तिच्यावर घ्या, काढताना इजेक्ट करून काढा आणि कपाटात ठेवा, पोरांच्या हाती गाणी भरायला देऊ नका. इंटरनेटवरचं खातं, लॅपटॉप आणि ही डिस्क, तीन जागा झाल्या. छापायला माझ्याकडे किंवा सांगलीत कुठेही जाल तेव्हा पेनड्राइव्हमध्ये निवडलेले दहा-बाराच फोटो न्या, प्रत्येकाच्या नावात प्रिंटचा आकार लिहून. अख्खा फोन काउंटरवर ठेवून “यातला तो देवळासमोरचा काढा” म्हणालात, तर त्यात देवळासमोरचे ऐंशी असतात.